सबनीसकाकांची फ्रेंच कोंबडी

अमेरिकेत घरोघरी टर्की भाजतात त्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी आमच्या शेजारच्या सबनीसकाकांना कुणी ‘हॅपी टर्की डे’ म्हटलं, की ते थांबतात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढतात आणि विचारतात, “का? काय झालं आज टर्कीत?”

समोरचा गडबडतो. मग तो पोस्टमन असो, बँकेतली बाई असो नाहीतर आमच्या हाउसिंग असोसिएशनची अध्यक्ष असो, काका त्याला शांतपणे समजावतात, की ज्या पक्ष्याला तुम्ही टर्की म्हणता, त्याचा त्या देशाशी काडीचाही संबंध नाही. तो इथलाच. याच मातीतला. तुमच्या-माझ्या कितीतरी आधीचा. आणि ज्याच्या अंगणात आपण येऊन राहिलो त्यालाच परका ठरवायचं, ही काही चांगल्या घरची रीत नव्हे. एवढं झालं की चष्मा वर जातो. “नाव नीट घ्या, मग पुढचं बोलू.”

काका शाकाहारी नाहीत. कोंबडी, मासे, मटण, ताटात पडेल ते खातात. पण हा पक्षी नाही. “ज्याचं साधं नाव आपल्याला धड घेता येत नाही,” ते म्हणतात, “त्याला निदान खाऊ तरी नये.”

मी मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत राहायला आले त्याच आठवड्यात या चष्म्याचा प्रसाद मला मिळाला होता. सामानाचा ट्रक दारात उभा, नवरा कुठल्या खोक्यात चहाचं भांडं आहे ते शोधतोय, आणि शेजारच्या डेकवरून एक उंच, काटकुळे, माकडटोपी घातलेले गृहस्थ माझ्याकडे बघताहेत. ऑफिसात म्हणायचे तसंच मी हसून म्हटलं, “हाय, आय ॲम सॅम.”

“कोण?”

“सॅम. म्हणजे… समृद्धी. नागपूरची.”

चष्मा खाली आला. “आईबापांनी एवढी समृद्धी दिली, आणि तुम्ही त्यातलं नुसतं सॅम ठेवलंत? बाकीचं काय केलंत? कस्टम्समध्ये अडकलं?”

मला राग आला होता. पण दुसऱ्याच दिवशी मी ऑफिसात माझी ईमेलखालची सही बदलली, हेही खरं.

स्वतःच्या नावाबाबत तर ते कुणाला तसूभर हलू देत नाहीत. दत्तात्रय विनायक सबनीस, मूळ सोलापूरचे. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत सगळी नोकरी काढली, आणि तिथे कुणालाही त्यांनी स्वतःला ‘डॅन’ म्हणू दिलं नाही. डॉक्टरांच्या दवाखान्यात रिसेप्शनिस्ट ‘मिस्टर डी’ अशी हाक मारते तेव्हा ते उठत नाहीत. ती पुन्हा हाक मारते. ते मासिक वाचत राहतात. शेवटी ती येऊन त्यांच्याजवळ बसते आणि दोघं मिळून ‘दत्‌-ता-त्रय’ करतात. मागे रांग वाढत जाते. पण न्याय दोन्हीकडून सारखा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा सोमाली नर्सचं नाव नीट जमेपर्यंत त्यांनी डोळ्यात थेंब घालून घेतले नव्हते. गॅरेजचं दार दुरुस्त करायला येणाऱ्या, मूळ लाओसच्या मोंग माणसाचं नाव तर त्यांना इतकं सुरेख येतं, की तो बिचारा दरवेळी बिल कमी लावतो.

आता मुख्य मुद्दा. आमच्या कॉलनीत टर्की आहेत. पिंजऱ्यातले नाहीत, रानातले. तळ्यापलीकडच्या झाडीतून सकाळी ओळीनं येतात, लग्नाच्या वरातीतल्या मोठ्या माणसांसारखे संथ, अंगभर पिसारा आणि वर टक्कल. रस्ता ओलांडताना मध्येच थांबतात. हॉर्न वाजवला तर तुमच्याकडे असं बघतात, की गाडी मागे घ्यावीशी वाटते. त्यातल्या एका नराला माझ्या काळ्या गाडीच्या दारात आपला वैरी दिसायचा. रोज सकाळी त्या दाराशी मारामारी, आणि मी आत बसून ऑफिसची मीटिंग फोनवरून घेतेय.

“काका, या टर्कीचं काहीतरी करा हो!” मी एकदा ओरडले.

“कुणाचं?”

मी जीभ चावली. पण उशीर झाला होता. चष्मा खाली, आणि काका डेकवरून उतरून गाडीपाशी.

“ऐक. इंग्रज म्हणाला, हा टर्कीहून आला. बरं. टर्कीवाले याला काय म्हणतात माहितेय? ‘हिंदी’! म्हणजे हिंदुस्थानातला! आपण कधी पाठवला? पोर्तुगीज याला म्हणतात ‘पेरू’. आता पेरू देशानं कुणाला काय केलं होतं? अगं, हा पक्षी म्हणजे सरकारी फाइल झालीय. जो तो आपल्या टेबलावरून उचलतो आणि दुसऱ्याच्या टेबलावर ढकलतो.”

“आणि मराठीत?”

काकांचा चेहरा पडला. “तेच तर दुखणं आहे. मराठीत टर्कीच.”

हे दुखणं त्यांनी मनावर घेतलं. आमच्याकडे माळढोक आहे, ते म्हणायचे. सोलापूरच्या माळावर लहानपणी वडिलांच्या सायकलवरून जाताना पाहिलेला. “नाव असावं तर असं. माळावर राहतो, ढोकासारखा दिसतो, संपलं. कुणाच्या देशाची उचलेगिरी नाही.” तसंच चोख नाव या अमेरिकन पक्ष्याला मराठीत मिळवून द्यायचं, असा त्यांनी निश्चय केला आणि इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळीच्या कार्यक्रमात, नाटुकलं संपून जेवण सुरू व्हायच्या आत, ते थेट व्यासपीठावर चढले.

खरं सांगते, सुरुवात वाईट झाली नाही. पुण्याच्या एका गृहस्थांनी ‘महाकुक्कुट’ सुचवलं. एका काकूंनी ‘झालरकोंबडा’ म्हटलं, त्याला टाळ्याही पडल्या. माझ्या नागपूरच्या मैत्रिणीनं विचारलं, “तो ओरडतो कसा? गडगड गडगड ना? मंग गडगड्या म्हना ना, काका.” काकांना गडगड्या मनापासून आवडला. ते मत घ्यायला वळणार, एवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “काका, टर्कीला टर्कीच म्हणू या ना यार, पुऱ्या थंड होतायत!”

हॉल रिकामा झाला. काका माईकसमोर एकटेच. घरी येताना गाडीत एवढंच म्हणाले, “लोकांचं प्रेम भाषेवर आहे गं. पण भूक पुरीवर आहे.”

काकांच्या पलीकडच्या घरात नोराबाई राहायच्या. ऐंशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, गालांवर कायम लाली, आणि काकांइतक्याच हट्टी. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्याशा खेड्यातून तरुणपणी नर्स म्हणून इकडे आलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी मिनीॲपोलिसमध्ये शाळेत शिकवते. तिचं नाव शीला. काकांना पहिल्यांदा हे कळलं तेव्हा त्यांनी ते तीनदा विचारून खात्री करून घेतली होती. “अस्सल आयरिश नाव आहे,” नोराबाई म्हणाल्या. “अस्सल सदाशिव पेठी आहे,” काका म्हणाले. या एका मुद्द्यावर दोघांचं कधीच एकमत झालं नाही.

पण खरं भांडण पक्ष्यांवरून. नोराबाई रोज सकाळी अंगणात मका टाकायच्या. मका संपला की अख्खी वरात शेजारच्या अंगणात, म्हणजे काकांच्या मेथीत. पक्ष्याच्या नावासाठी व्यासपीठावर चढणारा माणूस त्याच पक्ष्यामागे झाडू घेऊन धावताना मी पाहिलाय. “सन्मान वेगळा, मेथी वेगळी,” ते म्हणायचे. शेवटी त्यांनी असोसिएशनकडे रीतसर तक्रार केली आणि नोराबाईंना समज मिळाली. नोराबाईंनी समज ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी मका दुप्पट टाकला.

त्या दिवशी दोघं आपापल्या डेकवर उभे राहून भांडले. मी कपड्यांच्या घड्या करायचं निमित्त काढून खिडकीत.

“तुमचे पक्षी माझी मेथी खातात!”

“माझे नाहीत, देवाचे आहेत. आणि ते टर्की आहेत मिस्टर सबनीस, कचऱ्याची गाडी नव्हे. ओरडू नका त्यांच्यावर.”

“टर्की नाहीत!” काकांची गाडी रुळावरून घसरली. मेथी राहिली बाजूला. टर्की, हिंदी, पेरू, सगळा पाढा वाचून झाला.

नोराबाईंनी तो हाताची घडी घालून पुरता ऐकला. मग म्हणाल्या, “माझी आईसुद्धा त्याला टर्की म्हणत नसे. आमच्या शाळेत आयरिश भाषेच्या पुस्तकात ‘तुर्की’ लिहिलेलं असायचं. पण घरी आम्ही म्हणायचो, क्यार्क रांकख.”

“म्हणजे?”

“फ्रेंच कोंबडी.”

काकांचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांना हसू फुटलं. ते रेलिंग धरून हसले, खुर्चीत बसून हसले, डोळे पुसून पुन्हा हसले. “फ्रान्स! आणखी एक टेबल! फाइल फ्रान्सला!” मी त्यांना एवढं हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं.

मग अर्थातच त्यांना ते म्हणून बघायचं होतं. पण डोक्यात फ्रान्स बसलेला. “क्यार्क फ्रांकाक.”

“चूक,” नोराबाई म्हणाल्या. “तो फ मुका आहे. आणि शेवटी घशातून. ख. नाव नीट घ्या मिस्टर सबनीस, मग पुढचं बोलू.”

दत्तात्रय विनायक सबनीसांना त्यांचंच वाक्य तोंडावर ऐकवणारी ती एकमेव व्यक्ती. काका निमूटपणे डेकवर उभे राहून ‘ख’ घोटत राहिले.

भांडण मिटलं नाही, पण त्याला शिस्त आली. पक्षी मेथीकडे वळले की नोराबाई स्वयंपाकघरातून आरोळी द्यायच्या, “क्यार्क रांकख!” आणि काका झाडू घेऊन बाहेर. सकाळी मला या आरोळीनं जाग यायची. त्यांच्या अख्ख्या भाषेतला तेवढाच शब्द काकांना येत होता.

गेल्या वर्षी पानगळ संपता संपता एका सकाळी आरोळी आली नाही. काकांना मेथीत पक्षी दिसले, ते बाहेर आले, पलीकडे पाहिलं, तर नोराबाईंच्या स्वयंपाकघरात दिवा चालू आणि कुणी दिसेना. त्यांनीच ॲम्ब्युलन्स बोलावली. मेंदूत रक्ताची गाठ. जीव वाचला, उजवा हात गेला. आणि इंग्रजी गेलं.

हे मला कळायला वेळ लागला. डॉक्टरांनी शीलाला सांगितलं होतं, की काही जणांच्या बाबतीत असं होतं, नंतर शिकलेली भाषा पुसली जाते आणि पहिली उरते. नोराबाई बोलत होत्या, भरभर, मोठी मोठी वाक्यं. पण सगळं आयरिश. आणि शीलाला आयरिश अजिबात येत नव्हतं. “आईनं मला कधी शिकवलंच नाही,” ती मला म्हणाली. “तिला वाटायचं, इथे त्याचा काय उपयोग?”

त्यांना नर्सिंग होममध्ये हलवल्यावर काका आणि मी भेटायला गेलो. नोराबाई उशीला टेकून बसलेल्या. लाली उतरलेली. डाव्या हातानं चादरीशी चाळा करत त्या खिडकीकडे बघून तेच तेच काहीतरी म्हणत होत्या. शीला पाण्याचा पेला पुढे करायची, त्या तो ढकलायच्या. उशी सरळ करायची, त्या मान हलवायच्या. नर्सिंग होमवाल्यांनी फोनवरून आयरिश जाणणारा दुभाषी शोधायचा प्रयत्न चालवला होता, पण अजून कुणी मिळालं नव्हतं. शीलाचे डोळे रडून सुजलेले.

काका दारातच उभे राहून कान देऊन ऐकत होते. एकदम पुढे झाले.

“क्यार्क रांकख?”

नोराबाई थांबल्या. त्यांनी मान वळवली. मग काकांकडे बघून त्या जे सुटल्या, ते थांबेचनात. काकांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण त्यांनी उजव्या हाताची मूठ केली, जणू तीत मका आहे, आणि त्या चकचकीत फरशीवर हळूहळू फेकला. इकडे थोडा, तिकडे थोडा. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी टाकीन.

नोराबाईंनी डोळे मिटले. शीलानं पेला पुढे केला तेव्हा त्या पाणी प्यायल्या.

दुसऱ्या दिवसापासून बर्फात माकडटोपी घालून काका मका टाकू लागले. आठवडाभरात असोसिएशनची समज त्यांना आली. पुढच्या बैठकीला ते गेले, उभे राहिले आणि म्हणाले, “या पक्ष्यांविरुद्धची मूळ तक्रार माझी आहे. ती मी मागे घेतो. बर्फ वितळेपर्यंत मी मका टाकणार आहे. नोराबाईंना तसं वचन दिलंय. नियम काय आहे ते मला माहीत आहे, त्यामुळे वाचून दाखवायचा त्रास घेऊ नका.” अध्यक्षबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. बर्फ वितळेपर्यंत, असं ठरलं.

पण एका शब्दावर माणूस किती दिवस काढणार? नोराबाईंना आणखी काय काय हवं असेल, काय दुखत असेल. काकांनी शोध घेतला आणि सेंट पॉलमध्ये शनिवारी भरणारा आयरिश भाषेचा वर्ग हुडकून काढला. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्याचं ऑपरेशन ताजं, बर्फात ड्राइव्ह करायला डॉक्टरांची मनाई. “तू शनिवारी सकाळी काय करतेस?” त्यांनी मला विचारलं. मी काहीतरी सांगणार होते. “कॅन्सल कर,” ते म्हणाले.

पहिल्या दिवशी दाढीवाल्या तरुण मास्तरांनी सगळ्यांना विचारलं, तुम्हाला आयरिश का शिकायचंय? एकीला पणजोबांची गाणी समजून घ्यायची होती. एकाला दंडावर गोंदवून घ्यायचं होतं आणि स्पेलिंग चुकायला नको होतं. काकांची पाळी आली. मोठ्या मोठ्या गोष्टी सांगतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “मला माझ्या शेजारणीला विचारायचंय, की तुम्हाला थंडी वाजतेय का. ते आधी शिकवा. बाकीचं सावकाश.”

मास्तरांनी फळ्यावर लिहिलं. काकांनी अक्षरं मोजली आणि हैराण झाले. “यातली अर्धी अक्षरं नुसती जेवायला आलेली आहेत काय? बोलत का नाहीत?” पण उच्चार त्यांना सुरेख जमले. तो घशातला ‘ख’ तर सगळ्या वर्गात फक्त त्यांचाच बरोबर यायचा. “अन विल फुअख्त ओर्त?” घरी येईपर्यंत गाडीत तेच. “बघ कशी गंमत आहे समृद्धी. इंग्रजीत माणूसच थंड असतो. यांच्यात थंडी माणसावर येऊन बसते. आणि आपल्यात ती वाजते. पण काकडायला सगळीकडे सारखंच होतं.”

मग तो हिवाळाभर काका आयरिशमय झाले. फावड्यानं बर्फ उपसताना क्रियापदं. माझ्याकडे कढीपत्ता मागायला आले तरी आधी आयरिशमध्ये नमस्कार. ‘नाही’ला ते ‘नील’ म्हणतात हे कळल्यावर माझ्या नवऱ्याला त्यांनी आठवडाभर प्रत्येक गोष्टीला नील म्हणून उत्तर दिलं. आणि रोज दुपारी बस पकडून नर्सिंग होम. पहिल्यांदा तो प्रश्न विचारला तेव्हा नोराबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. “नील,” त्या म्हणाल्या. आणि मग हसून त्यांचा उच्चार सुधारला.

नाताळच्या सुमाराची एक दुपार. शीला आईचे केस विंचरत होती. काका खुर्चीत, मी दाराशी. नोराबाई मान वर करून लेकीकडे बघत काहीतरी म्हणाल्या. हळू, पुन्हा पुन्हा. त्यात एक शब्द येत होता. अ स्तोर.

“हे ती मी लहान असल्यापासून म्हणते,” शीला म्हणाली. “मला वाटायचं, स्टोअर. दुकान. आईला दुकानातून काहीतरी हवंय, असं वाटून मी चपला घालायचे. मग ती हसायची.”

काकांनी चष्मा खाली ओढला. पण यावेळी तो डोळे पुसायला. “दुकान नाही,” ते म्हणाले. “मास्तरांनी मागच्याच शनिवारी सांगितलं. त्याचा अर्थ खजिना. लेकराला म्हणतात. खजिना म्हणजे… नाही, इंग्रजीत ते बरोबर येत नाही.” ते अडले. शब्दाकरता असे अडलेले काका मी पहिल्यांदा पाहिले. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “माझं सोनं. तिला सांग, आई तिला ‘माझं सोनं’ म्हणतेय. तू सांग तिला, कसं सांगायचं ते.”

मला काय सांगता येणार? आणि तशी गरजही उरली नव्हती. शीलाचा कंगवा आईच्या केसांत तसाच राहिला होता आणि ती खाली वाकून आईच्या डोक्यावर गाल टेकून उभी होती. “आणखी काय म्हणतेय?” तिनं विचारलं. काकांनी कान दिला. “माझं सोनं दमलंय, म्हणतायत. बस म्हणतायत. खूप वेळ उभी आहेस.”

निघताना शीलानं विचारलं, “तुमच्या वर्गात आणखी एक जागा असेल?”

पुढच्या शनिवारी आम्ही तिला घ्यायला नर्सिंग होमच्या पार्किंगमध्ये थांबलो होतो. बर्फ पडत होता. ती आईला भरवून येणार होती. गाडीत काका आणि मीच. मी सहज विचारलं, “काका, एवढं सगळं सोडून तुम्ही पहिल्या दिवशी थंडीचंच वाक्य का मागितलंत?”

त्यांनी हातमोजे काढले, पुन्हा घातले.

“सुधा गेली तेव्हा तू इथे नव्हतीस,” ते म्हणाले.

सुधाकाकूंबद्दल मला एवढंच माहीत होतं, की त्या कॉलेजात गणित शिकवायच्या, त्यांचा एक फोटो काकांच्या दिवाणखान्यात आहे आणि त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत.

“शेवटच्या आठवड्यात तिचं इंग्रजी गेलं. तापात. इतकी वर्षं त्याच भाषेत गणित शिकवलेली बाई, पण गेलं. मी असायचो, त्यामुळे काही अडलं नाही. एक दिवस आंघोळीला घरी आलो आणि असंच वादळ सुरू झालं. रस्ते बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो तेव्हा ती झोपलेली होती. मग उठली नाही.”

वायपर एकदा फिरला.

“तिची नर्स होती, लहानशी पोरगीच. फार चांगली. ती ड्यूटी संपली तरी माझ्यासाठी थांबलेली. म्हणाली, मिसेस सबनीस सतत कुणाला तरी बोलावत होत्या. मी पाणी दिलं, उशी दिली, हात धरून बसले, पण त्यांना ती व्यक्तीच हवी होती. चंद्रा. चंद्रा कोण? त्यांची बहीण का?”

काका समोरच्या काचेकडे बघत होते.

“सुधाला बहीण नाही गं. तिला चादर हवी होती. घरची, सोलापूरची. त्यांची ती पांढरी ब्लँकेटं तिला कधीच पुरायची नाहीत. ती चादर म्हणत होती. आणि त्या पोरीला वाटलं चंद्रा.”

“मग तुम्ही काय सांगितलंत तिला?”

“ती रडत होती. मी म्हटलं, हो. बहीण. धाकटी.”

मी स्टिअरिंग धरून बसले. तेवढ्यात नर्सिंग होमचं दार उघडून शीला बाहेर आली आणि टोपी सावरत, घसरत घसरत गाडीकडे धावत सुटली. काकांनी हातमोज्यानं काचेवरची वाफ पुसली. मग पुढे वाकून हीटरची गरम हवा मागच्या सीटकडे वळवली आणि ती येऊन बसेपर्यंत मागे हात धरून ऊब नीट पोचतेय का ते बघत राहिले.